ओव्हरच्या वेळेला एकदा या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मी कर्करोगाच्या वॉर्डात परिसेविका आहे. नोकरीला २६ वर्षं झाली, त्यातली १८ याच कामात गेली. आपल्याला पत्र लिहायचं कधी मनात आलं नव्हतं. आमची निवेदनं संघटनेमार्फत जातात आणि त्यांची भाषा ठरलेली असते: वेतनश्रेणी, पदोन्नती, रिक्त पदं. ते सगळं खरंच आहे आणि त्यासाठी संघटना भांडतेच आहे. मला जे सांगायचंय ते निवेदनाच्या नमुन्यात बसत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली. येत्या ३ वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं सुरू होणार, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. ती बातमी मी ड्युटी रूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. आनंदच झाला. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्रातली खेडी त्या दारात येऊन बसतात. बाहेरच्या फूटपाथवर पथारी टाकून केमोच्या तारखेची वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या माणसाला एका इंजेक्शनासाठी घरदार सोडावं लागणार नसेल, तर यापेक्षा मोठं काम नाही. २०२२ या एका वर्षात देशात १४ लाखांहून जास्त नवे कर्करुग्ण झाल्याचा अंदाज आहे. ते सगळे मुंबई-नागपूरला कसे मावणार?

पण वाचून झाल्यावर आमच्यातली सगळ्यात धाकटी सिस्टर म्हणाली, "मॅडम, तिथे केमो लावणार कोण?" कोणी बोललं नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आज जी बाई प्रसूती वॉर्डात किंवा अपघात विभागात आहे, तिलाच उद्या ऑर्डर निघेल. चार दिवसांचं प्रशिक्षण होईल, प्रमाणपत्राचा फोटो निघेल, आणि पाचव्या दिवशी ती एकटी त्या खुर्चीपाशी उभी असेल.

तिच्या पोटात तेव्हा काय होतं आणि त्याचं शेजारच्या सिस्टरशी तिच्या वागण्यात काय रूपांतर होतं, एवढंच मला आपल्याला सांगायचं आहे.

डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध आहे. स्तनाच्या कर्करोगात, लिम्फोमात आणि इतरही बऱ्याच ठिकाणी देतात. लालभडक रंगाचं असतं; रुग्ण त्याला लाल औषधच म्हणतात. शिरेत राहिलं तर ते काम करतं. शिरेबाहेर मांसात झिरपलं तर आतून जाळत जातं. कातडी काळी पडते, जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी कातडीचं रोपण करावं लागतं. म्हणून ते देताना सिस्टरनं रुग्णाच्या हाताशी बसायचं असतं. सलाईन मोकळं चालू ठेवायचं, पिस्टन हळूहळू ढकलायचा, दर दोन-तीन मिलीनंतर थांबून रक्त मागे येतंय का बघायचं. आणि सारखं विचारत राहायचं: "ताई, जळजळतंय का? दुखतंय का?" या वेळात नजर हटवायची नाही.

काही वर्षांपूर्वीचा एक सोमवार. मी तेव्हा डे-केअरची इन्चार्ज होते. ज्या रुग्णालयात हे घडलं त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कुठेही घडलं असतं. त्या दिवशी २२ रुग्ण आणि सिस्टर दोन. मी भांडारात औषधांच्या इंडेंटवर सह्या घ्यायला गेलेली. पाचव्या केमोला आलेली एक बाई होती, ऊसतोडीला जाणारी. तळव्यांना कोयत्यानं घट्टे पडलेले, आणि केमोनं शिरा इतक्या कडक झालेल्या की बोटाला सुतळीसारख्या लागायच्या. सुई टेकली की शीर सरकायची. तिला लाल औषध द्यायचं होतं आणि द्यायला होती आमची कंत्राटी सिस्टर, या कामात येऊन ८ महिने झालेली. शीर मिळाली, पण तिच्या मनाची खात्री होईना. तिनं पलीकडच्या सीनियर सिस्टरला हाक मारली, "ताई, एकदा बघता का, रक्त नीट येत नाहीये."

सीनियरच्या हातात त्या क्षणी दुसरा रुग्ण होता. पॅक्लिटॅक्सेल सुरू केल्याबरोबर त्याला रिॲक्शन आलेली, छाती भरून आलेली, चेहरा लाल. तिनं मान न वळवता उत्तर दिलं, "येत नसेल तर घेतलीसच कशाला ही ड्युटी?"

धाकटीनं पुन्हा हाक मारली नाही.

औषध बाजूला गेलं. सगळं नाही, थोडं. तिनं बाईच्या कपाळावरची आठी पाहिली, लगेच थांबवलं, सुईतून जेवढं ओढता आलं तेवढं ओढून घेतलं, बर्फ लावला, डॉक्टरांना बोलावलं. सगळं नियमानं केलं. तरी त्या बाईच्या हातावर फोड आला, जखम झाली, आणि ती भरायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत तिची पुढची केमो पुढे गेली आणि तिच्या टोळीची उचल फिटायची राहिली, हेही मला नंतर कळलं.

धाकटीला मेमो निघाला. मसुदा मी लिहिला. तिनं उत्तरात दोन ओळी लिहिल्या: माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. सीनियरचं वाक्य त्या कागदात कुठेच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ते मला तीन महिन्यांनी सफाईच्या मावशींकडून कळलं; त्या तेव्हा तिथेच लादी पुसत होत्या.

ते तीन महिने त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच खोलीत डबा खायच्या, पाठ करून. आणि त्याचं मोल तिसऱ्याच माणसानं मोजलं. आमच्याकडे ड्युटी बदलताना ओव्हर देतात, आपल्याला माहीत असेल. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेक खाट फिरून तोंडी सांगते: हा काल जेवला नाही, हिच्या मुलाचा फोन आला की खालून बोलावून घे, याच्या तोंडात फोड आलेत, रात्री बघ. वहीत लिहिलेलं वेगळं आणि हे वेगळं. अबोला झाला तसं या दोघींच्यात ओव्हर फक्त वहीवर आली. पुढे दोघींची ड्युटी वॉर्डात लागली, तरी तेच. एका संध्याकाळी धाकटीनं लिहिलं, "खाट ११, थंडी वाजते म्हणतो, ताप ९९." केमोनं पांढऱ्या पेशी तळाला गेलेला माणूस थंडी वाजते म्हणाला तर घड्याळ सुरू होतं. तासाभरात प्रतिजैविक जायला हवं. तोंडी ओव्हर असती तर तिनं त्या खाटेपाशी थांबून आवाज बदलून सांगितलं असतं, "ताई, मला हा बरा वाटत नाहीये." वहीतली ती ओळ रात्री दोन वाजता वाचली गेली. माणूस वाचला, पण आयसीयूत ६ दिवस काढून.

मी त्या धाकटीची माफी मागितली. तेव्हा ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याबरोबरच ड्युटी होती."

साहेब, अशा गोष्टींना वरच्या मजल्यावर एक शब्द ठरलेला आहे: स्टाफमधली भांडणं. बायका एकत्र आल्या की चालायचंच, असंही म्हणतात. अहवालात 'आंतरवैयक्तिक मतभेद' लिहून दोघींपैकी एकीची बदली करतात. मी इतकी वर्षं हे जवळून पाहते आहे. त्या सीनियर बाईइतकी प्रेमळ बाई आमच्याकडे दुसरी नव्हती. लहान मुलांच्या वॉर्डात असताना ती घरून मऊ भात करून आणायची. त्या दिवशी तिच्या तोंडून जे निघालं ती भीती होती. हातातला माणूस जाईल की काय ही भीती, आणि त्यातच दुसरी कोणी आपली भीती घेऊन येते म्हटल्यावर आलेला राग.

एम.एस्सी. करताना एका बाईंनी मला एका जुन्या लेखाची झेरॉक्स दिली होती. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी १९५० च्या दशकात लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास केला होता. तिथल्या सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जायच्या आणि रुग्णालयाला त्याचं कारण हवं होतं. मेंझीसबाईंना दिसलं ते असं. मरण आणि वेदना रोज अंगावर घेण्यातली चिंता फार मोठी असते. ती सहन व्हावी म्हणून रुग्णालयानं, कोणी मुद्दाम न ठरवता, कामाची एक रचना करून ठेवली होती. एका सिस्टरकडे एक रुग्ण द्यायचाच नाही. तिच्याकडे तीस जणांची तापमापी द्यायची. माणसाला नावानं हाक मारायची नाही. खाटेचा नंबर किंवा बिघडलेल्या अवयवाचं नाव घ्यायचं. प्रत्येक निर्णय वर ढकलायचा. झोपलेल्या रुग्णाला उठवून झोपेची गोळी द्यायची, कारण गोळीची वेळ झाली. आणि आपल्या खालच्या सगळ्या बेजबाबदार आहेत असं प्रत्येकीनं मानायचं. एवढं करूनही चिंता कमी होत नव्हती. उलट ज्या मुली मनापासून काम करायला आल्या होत्या, त्याच सोडून जात होत्या.

मी ती झेरॉक्स वाचली तेव्हा माझ्या वॉर्डात 'खाट ११' होती. मीही नाव लिहिलेलं नव्हतं. आत्ता वर लिहिताना माझ्याकडून पुन्हा तेच झालं, बघा.

या भीतीचे धागे पुष्कळ आहेत आणि ते सगळे काही रुग्णाच्या जिवाशी जोडलेले नाहीत. एक आमच्या स्वतःच्या शरीराचा आहे. १९७९ साली फिनलंडच्या संशोधकांनी दाखवून दिलं की केमोची औषधं हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवू शकणारे अंश उतरतात. त्यानंतर जगभर नियम बदलले. औषध उघड्यावर मिसळायचं नाही, काचेच्या बंद कपाटात, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच मिसळायचं. दुहेरी हातमोजे घालायचे, गाऊन घालायचा. कॅबिनेट आहे आणि चालू आहे अशी ठिकाणं आहेत, कॅबिनेट आहे आणि फिल्टर बदललेला नाही अशीही आहेत. मग ड्युटी रूममध्ये काय होतं ते ऐका. एखाद्या मुलीला दिवस जातात. घरी अजून सासूलाही सांगितलेलं नसतं, आपल्याकडे तीन महिने सांगत नाहीत. पण औषध मिसळायची ड्युटी नको असेल तर तिला सहाव्या आठवड्यात इन्चार्जला सांगावं लागतं, आणि इन्चार्जला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मग तिच्या वाटची औषधं दुसऱ्या मिसळणार. त्यांच्यात एखादी अशी असते की जिला लग्नाला ७ वर्षं होऊन मूल नाही. ती सगळ्यांसमोर म्हणते, "आम्हाला काय शरीर नाही का?" त्या वाक्यावर दोघी रडलेल्या मी पाहिल्या आहेत, वेगवेगळ्या बाथरूममध्ये. मला दोघींचंही पटत होतं. त्यांना वाटून देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

दुसरा धागा पगाराचा. एकाच खुर्चीपाशी, एकच औषध देणाऱ्या दोन सिस्टर, एक कायम आणि एक कंत्राटी. कंत्राटीला पगार कितीतरी कमी, रजा मोजून, आणि दर ११ महिन्यांनी पुन्हा ऑर्डर निघेल का ही धाकधूक. तिच्याकडून चूक झाली तर ती लपवणार नाही अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? खासगीतली परिस्थिती तर अशी की २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. त्यातून नेमलेल्या समितीनं सांगितलं की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये. आज आपण कोणत्याही तालुक्याच्या गावात जाऊन विचारा, किती मिळतात.

आणि संख्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका, शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात ३ मागे १, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. रात्री ३० खाटांना एक सिस्टर आणि एक मावशी, ही माझ्या नोकरीतली नेहमीची रात्र आहे. केमोचं प्रत्येक औषध दोघींनी तपासायचं असतं: नाव, मात्रा, वेग, शीर की कणा. यातला शेवटचा प्रश्न पुस्तकी नाही. २००१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात १८ वर्षांच्या मुलाला शिरेत द्यायचं व्हिन्क्रिस्टिन चुकून कण्यात दिलं गेलं आणि तो गेला. असे मृत्यू जगात इतक्या वेळा झाले की २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बजावलं, हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत भरा, म्हणजे कण्यात जाणारच नाही. हे सगळं आम्हाला पाठ आहे. पण दोघींनी तपासायला दोघी लागतात. एकटी असली की सिस्टर दोन्ही सह्या स्वतः करते, किंवा सकाळी येणारीला म्हणते, "तेवढी सही कर ना गं." ती करते. मग काही झालं तर दोघी अडकतात, आणि पुढच्या वेळी ती सही करत नाही. मैत्री तुटायला एवढं पुरतं.

भांडण आणि चूक यांचा संबंध कोणाला माझी कल्पना वाटेल, म्हणून एक अभ्यास सांगते. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयातल्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. ज्या वॉर्डात सिस्टरांचं आपापसांत आणि इन्चार्जशी चांगलं जमतं तिथे चुका कमी निघतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलल्या जात होत्या. ज्या वॉर्डांत इन्चार्जचा धाक होता तिथली वही कोरी होती. १९९६ साली त्यांनी हे छापलं. त्या मेमोनंतरच्या वर्षी माझी वहीसुद्धा अगदी कोरी होती. वार्षिक तपासणीत तिचं कौतुक झालं.

मरणाबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. लोकांना वाटतं कर्करोगाच्या वॉर्डातली सिस्टर मरण पाहून खचते. मरण आम्ही पाहतो, आणि ते जमतं, जर वेळ मिळाला तर. मिळत नाही तो वेळ. पहाटे तीनला एखादा जातो. सहा महिने येत-जात असलेला, आपल्या मुलीच्या बारावीचे मार्क सांगितलेला. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, चादर बांधायची, कागद करायचे, नातेवाईकांचा आक्रोश ऐकायचा, आणि खाट पुसून पावणेचारला अपघात विभागातून आलेल्या नव्या माणसाला हसून विचारायचं, "काय त्रास होतोय काका?" सकाळी घरी गेल्यावर मुलाला शाळेचा डबा. मग दुपारी झोप लागत नाही, आणि संध्याकाळी पुन्हा आल्यावर मावशींनी बादली जरा जोरात ठेवली तरी आपण खेकसतो. मावशींना वाटतं, सिस्टरला माज आलाय.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स नावाच्या ब्रदरनं एक साधी गोष्ट सुरू केली. माणूस गेला की खोलीतल्या सगळ्यांनी, डॉक्टरांपासून साफसफाई करणाऱ्यापर्यंत, मिनिटभर हात थांबवून शांत उभं राहायचं. तो माणूस कोणाचा तरी कोणी होता आणि आपण त्याच्यासाठी धडपडलो, एवढं मनात आणायचं आणि मग कामाला लागायचं. याला खर्च नाही. केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनचे वकील. १९९४ साली चाळिशीत फुप्फुसाचा कर्करोग निघाला आणि वर्षभरात गेले. जाण्याआधी त्यांनी लिहून ठेवलं की आपल्याला परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या छोट्याछोट्या मायेनं तारलं. ती माया शिल्लक राहावी म्हणून त्यांच्या नावानं संस्था निघाली आणि १९९७ पासून रुग्णालयात बैठका सुरू झाल्या. सगळ्या हुद्द्यांची माणसं तासभर बसतात आणि एखाद्या रुग्णामुळे आपल्याला आत काय झालं ते बोलतात. तिथे उपचार चुकला का याची चर्चा नाही, कोणाला सल्ला नाही. पुढे इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांनीही त्या घेतल्या.

आम्हीही करून पाहिलं होतं, परवानगी न घेता. लिनन रूममध्ये, गुरुवारी, दुपारच्या ओव्हरनंतर २० मिनिटं. चहा मावशींचा. पहिल्या गुरुवारी कोणी बोललंच नाही. दुसऱ्या गुरुवारी त्या सीनियर बाईंनी स्वतःहून तो सोमवार सांगितला. धाकटी समोर बसली होती. "तू हाक मारलीस तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि ते तू पाहू नयेस असं मला वाटलं," एवढंच त्या म्हणाल्या. धाकटी काही बोलली नाही, पण त्या रात्री दोघींनी ओव्हर तोंडी घेतली. पाच महिने आमचे गुरुवार चालले. मग तिघींच्या बदल्या झाल्या, जागा भरल्या नाहीत, आणि त्या २० मिनिटांना माणूस उरलं नाही.

आपल्याकडे याऐवजी होतं ते ताणमुक्तीचं व्याख्यान. वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात, परिचारिका दिनाच्या आठवड्यात. दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. श्वास घ्यायला आमची ना नाही. पण नाईट करून थांबवलेल्या बायकांना सभागृहात बसवून 'सकारात्मक राहा' सांगितलं, की चिंता हा त्यांच्या स्वभावाचा दोष आहे असंच त्यांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली थकून विझून जाण्याची व्याख्या केली तेव्हा स्पष्ट लिहिलं की ही कामाच्या ठिकाणची गोष्ट आहे. तिचा इलाजही मग कामाच्या ठिकाणीच करायला हवा.

म्हणून डे-केअर केंद्रांच्या फायली आपल्या टेबलावर येतील तेव्हा त्यांत काही ओळी घालाव्यात, ही विनंती. केमो देणारी परिचारिका दर सहा महिन्यांनी फिरवू नका. तिला मोठ्या केंद्रात निदान काही महिने एखाद्या अनुभवी सिस्टरच्या हाताखाली उभं करा आणि मग किमान तीन वर्षं तिथेच ठेवा. केंद्र कितीही लहान असो, एका पाळीत दोघी हव्यातच, कारण हाक मारायला कोणी तरी लागतं. गरोदर किंवा मूल हवं असलेल्या सिस्टरला कारण न सांगता औषध मिसळण्यातून सुटका मिळावी आणि तिची जागा कोण घेणार ते आधीच ठरलेलं असावं. चुकांची नोंदवही आणि मेमोची फाईल यांचा एकमेकींशी संबंध तोडा; स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर कारवाई होणार नाही असा शासन निर्णय काढा, आणि कंत्राटी सिस्टरलाही तो लागू करा. आठवड्यातली ती २० मिनिटं ड्युटीतच धरा. ओव्हरची १५ मिनिटं पगारी धरा. आज जाणारी सिस्टर ती स्वतःच्या वेळातून देते, बस चुकवून.

माझ्या निवृत्तीला आता फार वर्षं उरली नाहीत. ती धाकटी सिस्टर आता कंत्राटी नाही; दुसऱ्या जिल्ह्यात कायम झाली आहे आणि तिच्याच रुग्णालयात डे-केअर सुरू व्हायचं आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. खुर्च्या आल्यात म्हणाली, चांगल्या आहेत, मागे रेलणाऱ्या. तिच्याबरोबर दुसरी कोण असणार, हे अजून ठरलेलं नाही.

उद्घाटनाला आपण जाल. फीत बहुधा ११ वाजता कापायची असेल. माझी एवढीच विनंती आहे की त्याच रुग्णालयाच्या एखाद्या वॉर्डात, कोणाला न कळवता, सकाळी पावणेआठला जा आणि खाटांच्या मधे उभे राहा. ओव्हर आठला सुरू होते.

आपली नम्र,
एक परिसेविका